बाईंना तुमच्या अंगणाबद्दल उत्सुकता आहे

सोमवार, ४ मार्च. सकाळी.

आजपासून रोज लिहायचं. न चुकता. आत्मचरित्राला कच्चा माल हवाच.

संचालकबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, उद्यापासूनच्या परिषदेत शुक्रवारपर्यंत एक तरी संयुक्त ठराव झाला, तर माझं समन्वयकाचं पद कायम. नाहीतर महिनाअखेरीस निरोप. म्हणजे झालंच समजायचं. आमचं हे आंतरराष्ट्रीय धोरण केंद्र श्रीमंत देश आणि विकसनशील देश यांच्यातला पूल आहे, असं दारावरच्या बोर्डावर लिहिलंय. आता बोर्ड काही लोकांशी बोलत नाही. म्हणजे पूल कोण? मीच.

बायकोला फोन केला. म्हणाली, कायम झालात तर मोठ्या स्वयंपाकघराचं घर बघू. आई मागून म्हणाली, आधी होऊ दे.

सोमवार. संध्याकाळी.

घरी कटकट. आईने स्वयंपाकघरातल्या एका फळीवरचे डबे आपल्या सोयीने लावले. बायको आणि आई एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. बायकोने मला सांगितलं, तुमच्या आईला बजावा, माझ्या डब्यांना हात लावायचा नाही. मी आईला सांगितलं, तिला तुझी मदत फार आवडते. आईचा चेहरा खुलला. याला म्हणतात डिप्लोमसी. अंगात असावी लागते.

मंगळवार, ५ मार्च.

परिषद सुरू. विषय पाण्याचे पंप. श्रीमंत गटाने विकसनशील गटाला पंप दिले. पंप बिघडले. सुटे भाग श्रीमंतांकडूनच मागवावे लागतात, ते येईस्तोवर विहिरी आटतात. विकसनशील गटाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, भागांचे नकाशे द्या, आमचे लोक बनवतील. आवाज खडा. श्रीमंत गटाचे उंच साहेबही तापले. पाच मिनिटांत खुर्च्या सरकल्या.

मी लगेच नवी पद्धत काढली. दोन गट दोन खोल्यांत. चहाही वेगवेगळा. थेट बोलणं बंद, निरोप फक्त माझ्यामार्फत. शिपाई म्हणाला, साहेब, जोडायला बोलावलंय ना यांना? मी दुर्लक्ष केलं. त्याला धोरण काय कळणार.

घरी आईने आणखी दोन फळ्यांवरचे डबे लावले. उत्साहात. बायको माझ्याशी फार तुटक. कामाचा ताण असेल.

बुधवार, ६ मार्च.

फेऱ्या सुरू. उंच साहेबांनी सुरुवातच 'नाही'ने केली. मोटरचा नकाशा नाही, असं काहीतरी. पुढचं मी फारसं ऐकलं नाही, तोवर मनात सौम्य वाक्य जुळवत होतो. पलीकडे जाऊन सांगितलं, विचार सुरू आहे. बाई म्हणाल्या, काल पण विचारच होता! मग तुमचे पंप तुमच्याच अंगणात लावा म्हणावं. हे जसंच्या तसं सांगितलं असतं तर परिषद तिथेच आटोपली असती. मी साहेबांना सांगितलं, बाईंना तुमच्या अंगणाबद्दल उत्सुकता आहे.

साहेब चक्क हसले. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं म्हणाले.

कोंडी फुटली. आता ठराव म्हणजे डाव्या हातचा मळ.

गुरुवार, ७ मार्च.

पाय भरून आलेत, पण मूड उत्तम. बाईंचा निरोप: तोंडाला पानं पुसू नका, हो की नाही ते सांगा. मी साहेबांना: बाई तुमच्या उत्तराची आतुरतेने वाट बघताहेत. साहेबांचा निरोप: इतके दिवस झाले, यांना काय हवंय तेच कळत नाही. मी बाईंना: साहेब तुम्हाला समजून घेऊ इच्छितात.

संचालकबाईंनी विचारलं, प्रगती? मी म्हटलं, वातावरण अत्यंत अनुकूल.

काल रात्री आईने बायकोला खूश करायचं म्हणून पीठ, साखर, डाळी सगळं एकसारख्या डब्यांत भरलं. आज सकाळी बायकोने माझ्या जेवणाच्या डब्यात भाताऐवजी तांदूळच दिले. कच्चे. नजरचूक.

संकल्प: कायम झाल्यावर दोघींना एकत्र बसवून समन्वयाबद्दल चार शब्द सांगायचे.

शुक्रवार, ८ मार्च. दुपारी.

मी फोटोकॉपी काढायला गेलो होतो. मशीन अडकलं. तेवढ्यात साहेब आपणहून बाईंच्या खोलीत गेले आणि मोबाइलवर आपल्या अंगणाचे फोटो दाखवू लागले. गुलाब, कारंजं, कुत्रा. बाईंना वाटलं, आमच्या विहिरी कोरड्या आणि हा माणूस कारंजं दाखवतोय! त्या कडाडल्या. साहेब गोंधळले, म्हणाले, तुम्हीच तर विचारलं होतं. मग दोघं काय काय बोलले, ते शिपायाकडून कळलं.

साहेब बुधवारी म्हणाले होते, मोटरचा नकाशा नाही देता येणार, बाकी सगळ्या भागांचे आजच घेऊन जा. बाई म्हणाल्या, अहो, मोटर कधी बिघडतच नाही, आम्हाला बाकीचेच हवेत.

चहा संपायच्या आत मिटलं. एकाच खोलीत प्यायले.

मी फोटोकॉप्या घेऊन आत गेलो तर सगळे माझ्याकडे बघत होते.

शुक्रवार. संध्याकाळी.

ठराव झाला. केंद्राच्या इतिहासातला पहिला संयुक्त ठराव! संचालकबाईंनी मलाच वाचायला लावला. नकाशे सोमवारी द्यायचे. इथवर आवाज खणखणीत. दुसरा भाग: यापुढे दोन्ही गट एकमेकांशी थेट बोलतील, मधे समन्वयक नको. सूचक उंच साहेब. अनुमोदक बाई. एकमताने मंजूर. टाळ्या बराच वेळ.

संचालकबाईंना आठवण करून दिली, की ठराव झाला तर पद कायम असं ठरलं होतं. त्या म्हणाल्या, ठराव पुन्हा एकदा वाचा.

वाचला. पद कायमचं गेलं.

घरी आलो. आई आणि बायको स्वयंपाकघरात एकत्र बसून डबे पुन्हा लावत होत्या. हसत होत्या. मला बघून दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींचं बोलणं झालेलं दिसतंय. सविस्तर.

नोकरीचं सांगितलं. मोठं स्वयंपाकघर राहिलं, हेही मीच सांगून टाकलं.  बायको उठून आईच्या कानाशी लागली, बराच वेळ काहीतरी म्हणाली. मग आई माझ्याकडे वळून म्हणाली, ती म्हणतेय, हातपाय धुऊन जेवायला बस.

बायकोचा चेहरा बघता, ती एवढंच म्हणाली नसावी.