हिरो आणि बकरी

माणिकचा घसा बसला होता आणि ती गोळी घेऊन झोपली होती. तिची थोरली बहीण क्षमा शेजारच्या कर्णिकांकडे आलेल्या फोनवर बोलून परतली आणि ओट्यापाशी उभ्यानंच तिला चिठ्ठी लिहू लागली.

‘माणिक, स्टुडिओतून फोन होता. खजिन्याच्या कादंबरीवरच्या आपल्या कार्टूनचं डबिंग आज व्हायलाच हवं म्हणाले. “माणिकऐवजी हिरोचं तूच बोल,” असं मला म्हणाले. अंधेरीला ऑडिशनला तुला मीच नेलं ना गं? तू हिरो झालीस आणि मला मिळाली जहाजावरची बकरी! बिल्डिंगमधली पोरं तुला कप्तान म्हणतात, मला बघून बें बें करतात. “येते” म्हणणारच होते. पण तोंडातून भलतंच निघालं, “उद्यापर्यंत थांबा. तो पोरगा तिच्याच आवाजात जिवंत वाटतो.” थांबतायत. काढा गाळून ठेवलाय, गरम करून पी. अजिबात बोलू नकोस. मी दहिसरला मावशीकडे चाललेय, आज तुझं तोंड बघवणार नाही मला. आणि उद्या नीट बोल. परत विचारलं, तर मी हो म्हणेन.

क्षमा’