ढगात ठेवलेली वीण

प्रिय जाऊबाई,

माझ्या हातचं पत्र बघून घाबरू नका, सगळे धडधाकट आहेत. तुमचे दीर आत्ता समोर खुर्चीत पाय पसरून बसलेत आणि अंगात तुम्ही विणलेला तोच तपकिरी स्वेटर आहे. कोपरांना किती ठिगळं लावली त्याची गणतीच नाही. मी विणलेले कपाटात पडलेत, एकाचीही घडी मोडत नाहीत. म्हणे, ह्यात हात मोकळा राहतो. हे ऐकून ऐकून कान किटले, पण पोटात अजून तस्संच दुखतं. असो. फोन का केला नाही म्हणाल, तर फोन केला की तुमच्याकडे नातू आणि माझ्याकडे नात लगेच स्पीकर लावतात, आणि मला बोलायचंय ते आपल्या दोघींतलंच आहे. अक्षर चौथीपर्यंतचं आहे, सांभाळून घ्या.

आधी दुकानाचं सांगते. मागं आमच्या छतातला पाइप फुटला, ते तुम्हाला अर्धंच कळलंय. लोकरीचे गठ्ठे भिजले ते भिजले, कॉम्प्युटरातून तर चक्क पाणी ओघळत होतं. मी म्हटलं, गेलं. गिऱ्हाइकांची मापं, विणी, कुणाला काय द्यायचंय, सगळं बुडालं. दुकान बघणारी आमची नात मात्र उठली. शेजारच्या चष्मेवाल्याचा लॅपटॉप मागून आणला, पासवर्ड टाकला, आणि माझा चहा निवायच्या आत सगळं जसंच्या तसं समोर! म्हणाली, आजी, हे इथं नव्हतंच, हे क्लाउडवर आहे, म्हणजे ढगात. मी आपली वर बघायला लागले, तर तिनं हसून हसून पोट धरलं. मग समजावलं, की कुणा मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटरांत आपण जागा भाड्यानं घेतलीय. आपली ट्रंक त्यांच्या घरात, किल्ली आपल्याकडे. म्हणून तर तुमचं दुकान तिकडं, आमचं इकडं, तरी दोघांना एकाच ट्रंकेत हात घालता येतो. मला पटलं, आणि नाहीही पटलं. ट्रंक दुसऱ्याच्या घरात, म्हणजे रस्ता बंद झाला की आपण बाहेर. तसंच झालं एकदा. दिवसभर इंटरनेट नाही, दुकान उघडं, गिऱ्हाईक उभं, आणि पोरीला त्याचं माप सांगता येईना. शेवटी मीच टेप घेऊन उठले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं मला त्या दिवशी. आणि तुमच्या नातवानं चुकून मोज्यांची वीण पुसली, तर ती इथूनही गेली की! नशीब, तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात सापडली.

पण माझं दुखणं हे नाहीच. तुम्ही तुमच्या विणी क्लाउडवर दिल्यात असं नात म्हणाली, तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. आठवतंय का, मी नवी नवरी होऊन आले तेव्हा आपण एकाच खिडकीच्या उजेडात बसायचो. हात मोकळा ठेवणाऱ्या तुमच्या स्वेटरच्या त्या खांद्याचं मी विचारलं की तुमच्या सुया जराशा पलीकडं वळायच्या. अगं, हाताला येतं आपोआप, म्हणायचात. मी चहा टाकायला उठले की परत येईस्तोवर नेमकी तेवढीच ओळ विणून झालेली असायची! मग दुकानं दोन झाली, गावं दोन झाली, तरी इथं येणारं गिऱ्हाईक मलाच विचारणार, तुमच्या मोठ्या जाऊबाईंसारखा खांदा जमेल का. आणि आता नातवाला शेजारी बसवून तुम्ही सांगितलंत, त्यानं टाइप केलं, आणि माझी नात बोट लावून उघडते. जे मला नाही दिलंत ते त्या कंपनीला दिलंत. जळले हो मी, भाकरीसारखी जळले. कुठली वीण कितीदा उघडली तेही तिथं दिसतं म्हणे. तुमच्या खांद्यावर नुसती झुंबड. माझ्या टोपीची वीण कुणी उघडत नाही. मीच अधूनमधून उघडून येते.

तर झालं असं, की एका वाद्यवृंदानं तुमच्या खांद्याचे स्वेटर सांगितले, सगळ्यांना एकसारखे. एवढी मोठी ऑर्डर पोरीला पहिल्यांदाच मिळालीय. त्या लोकांचा हात सतत वर, म्हणून तोच खांदा हवा. क्लाउडवर लिहिलंय तस्सा तिनं एक नमुन्याचा विणला. व्हायोलिनवाला आला, अंगात घातला, हात उचलला, आणि स्वेटर थेट बरगड्यांपर्यंत वर. भर दुकानात त्याची बेंबी दिसली हो! म्हणाला, बाई, ह्यात मी वाजवू की पोट झाकू? आता शनिवारपर्यंत दुसरा नमुना दाखवायचा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडं. पोरगी म्हणते, क्लाउडनं ओळी खाल्ल्या. कंपनीचा माणूस म्हणतो, तुम्ही ठेवलंत तेवढं सगळं आहे. मग तिनं तुमच्या नातवाला धरलं, की तूच गाळलंस. तो म्हणतो, मोठी आजी बोलली ते अक्षरन् अक्षर घेतलंय, तुलाच विणता येत नाही. आता दोघांचा अबोला, आणि ट्रंका वेगळ्या करायच्या गोष्टी.

मी तो नमुना मांडीवर घेऊन बसले. मुंढ्यापाशी टाके घटवलेत आणि पुढं एकदम सरळ वीण. मधे एक ओळ हवी, ती नाही. पोरानं गाळलेली नाही. गाळणारा कुठूनही गाळेल, नेमकी तीच कशी गाळेल? जाऊबाई, ती ओळ तुम्ही बोललातच नाहीत. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! एकटीच हसत सुटले. ह्यांनी विचारलं, काय झालं गं. म्हटलं, काही नाही, तुमच्या वहिनी अजून तशाच आहेत. म्हणजे नातवालाही नाही दिलीत, कंपनीलाही नाही! मला नाही म्हणजे कुणालाच नाही!

मग मीच ती ओळ शोधायला घेतली. म्हटलं, मोठीवाचून काय अडलंय. नाना तऱ्हेनं घालून बघितली. हात वर जातो, पण खांद्याला फुगा येतो. ह्यांच्या स्वेटरात बघावं, तर धुवून धुवून तिथली लोकर एकजीव झालीय, टाका म्हणून वेगळा दिसत नाही. नाही जमलं. लिहिताना हात जड होतोय, पण लिहिते, तो खांदा तुम्हालाच येतो. तेव्हा ती ओळ द्या. पोरांना मी काही बोललेले नाही, बोलणारही नाही. राहून गेली होती म्हणा आणि क्लाउडवर वाढवा, भांडण मिटेल, ऑर्डर राहील. फक्त ते आधी नको. हे पत्र लोकरीच्या गाडीवाल्याकडे देतेय, तो परवा परत फिरेल. त्याच्याबरोबर चार बोटांएवढा खांदा विणून पाठवा, ओळ अर्धीच झालेली, टाके सुईवर तसेच ठेवून. मी बघेन आणि पुढची अर्धी माझ्या हातानं पुरी करेन. मग खुशाल टाका ढगात. जगाला कळायच्या आधी एक दिवस तरी ती आपल्या दोघींतच असू दे.

तुमचीच,
धाकटी