सूर जुळवायला नेलेला तंबोरा

ती. वन्संना,

गुडघा वाकत नाही, म्हणून सस्काटूनहून प्रभाचा उभ्याउभ्याच नमस्कार. तुमची शुगर कशी आहे? मिरजेत आता छान हवा असेल. इथे उणे तीस आहे आणि मी उन्मेषच्या बेसमेंटमध्ये दोन स्वेटर चढवून लिहितेय. (तुमचा भाचा मजेत आहे. सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसतो, संध्याकाळी कंबर धरून बसतो.)

युनिव्हर्सिटीत म्हाताऱ्यांसाठी फुकट वर्ग असतो. रुथबाई शिकवतात : जुन्या ग्रीकांचं प्रेम, संगीत आणि सौंदर्य. मी गेले ती खोली उबदार असते म्हणून, पण वन्सं, ही ग्रीक माणसं भलतीच गमतीची. म्हणे, एका चालीनं माणूस शूर होतो, दुसरीनं मऊ पडतो, म्हणून मऊ चाली गावाबाहेर काढा. (असं केलं असतं तर अख्खी मिरज ओस पडली असती.) शिवाय त्यांच्यात प्रेमाची शिडी असते. आधी एक सुंदर माणूस आवडतो, मग सगळीच, मग सुंदर विचार, आणि अगदी वर नुसतं सौंदर्य, तिथे माणूस कुणीच नाही. रुथबाईंनी मला विचारलं, तुम्ही कुठल्या स्टेपवर? मला नुसतं स्टेप ऐकू आलं. म्हटलं, "आय लिव्ह इन बेसमेंट." सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मात्र एका प्रश्नानं माझा पिच्छाच पुरवला. त्यांच्यात एकजण म्हणायचा, की आत्मा म्हणजे वाद्यातला मेळ. मग वाद्यच फुटलं तर मेळ कुठे जातो? आमचे हे गेल्यापासून माझ्या डोक्यात हेच चाललं होतं, फक्त प्रश्न ग्रीक आहे हे ठाऊक नव्हतं.

वर्गात शेजारी विश्वनाथराव बसतात. पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर होते, आता रिटायर्ड, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. कॅनडात आयुष्य गेलं, त्यामुळे मराठी जुन्या वळणाचं. परवा त्यांचा फोन : "प्रभाबाई, आपले सूर जुळतात का, शनिवारी घरी येऊन बघाल?" मी म्हटलं, न जुळायला काय झालं, दहा मिनिटांत जुळवून देते. (मला वाटलं, यांचा तंबोरा उतरला असणार.) सूर द्यायला हाताशी असावा म्हणून तुम्ही लग्नात दिलेला तंबोरा उन्मेषच्या गाडीत मागे घातला. वाटेत उन्मेष दूध घ्यायला थांबला. तोवर तंबोरा गारठला, आणि विश्वनाथरावांच्या हॉलमध्ये मी तो नेमका हीटरशेजारी टेकवला. मी विचारलं, तुमचं वाद्य कुठंय? ते म्हणाले, माझ्याकडे वाद्य नाही. मग जुळवायचं काय? त्यांचे कान लाल झाले, त्यांनी शिऱ्याची बशी पुढे केली, आणि तेवढ्यात माझ्या तंबोऱ्याचा भोपळा सुपारी फुटावी तसा वाजला. उभी चीर गेली, वन्सं. मी तिथेच रडायला बसले. तंबोऱ्यासाठी की कशासाठी, कोण जाणे.

पुढच्या वर्गात मी हात वर केला. सांगितलं की मेळ भोपळ्यात नसतोच, तो कानात असतो. तंबोरा फुटला तरी षड्ज कानात राहतो, आणि त्याच षड्जावर दुसरा तंबोरा लावता येतो. म्हणजे पहिला विसरलो असं होत नाही, उलट लावतो त्याच्याच आठवणीवर. रुथबाईंनी मान डोलावली. पण मला त्यांची नाही, तुमची मान हवी आहे. तुम्ही ह्यांच्या थोरल्या बहीण. मला हा माणूस आवडतो, वन्सं.

तर आपल्या तंबोरेवाल्याला तेवढं विचारा, चीर सांधता येते का?

तुमची,
प्रभा

ता. क. सांधायचं राहू दे. नवाच करायला सांगा.

ता. क. दुसरा : मैफलीत तंबोऱ्यांची जोडी असते, हे मी तुम्हाला काय सांगणार? तुमच्या मनाला पटलं तर जोडी पाठवा, नाही पटलं तर एकच पाठवा. एक आला तर मी पुन्हा विषय काढणार नाही.

ता. क. तिसरा : विश्वनाथरावांना तंबोरा वाजवता येत नाही. दुसरा नुसता पडून राहील म्हणून एकच धाडाल, तर तसं करू नका. चारच तारा असतात, मी शिकवीन.