तुझ्या नंबरवरून आलेला प्रश्न

प्रिय ताई,

पत्राची सुरुवात तक्रारीने करतोय, आणि तक्रार गंभीर आहे. ज्या व्यक्तीचं तेरावं मी स्वतः खीर मागून मागून जेवलो, त्या व्यक्तीने मला रोज भल्या सकाळी गुलाबाचं फूल पाठवून ‘शुभ सकाळ’ म्हणावं, हे कोणत्या शिष्टाचारात बसतं? लाल फूल, त्यावर दव, बाजूला वाफाळती कपबशी. वर तुझं नाव, आणि हातात पापलेट धरून हसतानाचा तुझा तो फोटो. जिवंतपणी तू मला एक फूल पाठवलं नाहीस. तू पाठवायचीस त्या माझ्या वर्तमानपत्रातल्या सदरातल्या चुका!

तुझा फोन भावोजींनी बंद केलेला नाही. त्यांचा स्वतःचा वेगळा आहे, बँक आणि विजेचं बिल त्यावर चालतं. पण सकाळचा चहा झाला की ते तुझा फोन घेऊन ओटीवर बसतात आणि तुझ्या नावाने सगळ्या नातेवाइकांना फुलं वाटतात. आम्ही कोणी काही बोलत नाही. बोलणार काय?

गेल्या सोमवारी मात्र फूल आलं नाही. लाल त्रिकोण आले, कवटी आली, आणि मजकूर आला: ‘अणुवीज प्रकल्पाशेजारी राहणाऱ्या प्रत्येक घरात कॅन्सर! शास्त्रज्ञ लपवत आहेत! पुढे पाठवा!’ त्याखाली एका बोटाने लिहिलेली एक ओळ. ‘दिनू हे खरं का’.

माझ्या अंगावर काटा आला, ताई. कोणी लिहिलंय ते मला माहीत होतं. पण वर नाव तुझं होतं ना! प्रश्न तुझ्या नंबरवरून आलाय, तर उत्तरही तुलाच लिहितो.

भावोजींची सगळी नोकरी त्या परराज्यातल्या प्रकल्पात गेली आणि तुझा सगळा संसार त्याच्या वसाहतीत. तू तिथल्या शाळेत गणित शिकवलंस. श्वेता तिथेच जन्मली, तिथेच सायकल शिकली. निवृत्तीनंतर तुम्ही दोघं रत्नागिरीला आलात, परसात हापूसची चार कलमं लावलीत, आणि त्यांना पहिला मोहोर यायच्या आत तुझ्या छातीतली गाठ उघडकीला आली. भावोजी आतल्या भागात कामाला होते. त्यांच्या खिशाला किरणं मोजणारा बॅज असायचा, तो ठरल्या वेळी तपासणीला जायचा, आकडा यायचा, आकडा मर्यादेच्या आत असायचा. तुझ्या पदराला कोणी बॅज लावला नव्हता. हा विचार इतकी वर्षं माझ्या डोक्यात कधी आला नाही. आता जात नाही.

आणि हे सगळं आत्ताच का? तर श्वेताला नोकरी लागली. कुठे, विचार! त्याच प्रकल्पात. जावईबापूंचं काम घरून चालतं, त्यांना कुठलंही घर सारखंच. पुढच्या महिन्यात ओवीला घेऊन तिघं त्याच वसाहतीत राहायला जाणार.

“तू जा,” भावोजी म्हणाले. “पोरीला इथे ठेव.”

“बाबा, मी तिथेच वाढले ना?”

“म्हणूनच.”

एवढंच बोलून ते उठून कलमांना पाणी घालायला गेले. बाहेर पाऊस पडत होता.

नव्या अणुप्रकल्पावरून दोन तट पडलेल्या आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न सरळ विचारायची सोय नाही, हे तुला ठाऊकच आहे. इथे उत्तराआधी बाजू विचारतात. एसटी स्टँडसमोर चहा पिताना मी बशीरला नुसतं विचारलं, काय रे, अणुभट्टीने कॅन्सर होतो का? हा आपला मासळीवाला बशीर. बशी खाली ठेवून म्हणाला, “दिनूशेट, घराघरात होतो! आधी मासळी मरते, मग माणूस!” पलीकडच्या बाकावर एक निवृत्त साहेब वर्तमानपत्र वाचत होते. ते तिथूनच ओरडले, “काही होत नाही! केळ्यातसुद्धा किरणं असतात!” मग दोघांची जुंपली आणि चहाचे पैसे मी दिले. दोघांनाही कसलीच शंका नव्हती. ज्याला शंका नसते त्याला मी लगेच ओळखतो, कारण माझं सदर त्याच भांडवलावर चालतं.

मग मी वाचायला बसलो. मी! ज्याच्या गणिताच्या वहीत तुझंच अक्षर जास्त होतं, तो! आणि प्रत्येक ओळीला तुझा तो ठरलेला प्रश्न कानात. ‘कोणी मोजलं?’

तर ऐक. किरणांचा मोठा मारा बसला की कॅन्सर वाढतो, यात वाद नाही. बॉम्ब पडले तिथे वाढला. सोव्हिएत काळातल्या त्या मोठ्या अपघातानंतर, दूषित दूध प्यालेल्या मुलांमध्ये थायरॉइडचा वाढला. हे मोजलेलं आहे. प्रकल्पात काम करणाऱ्यांचा अनेक देशांत, अनेक वर्षं पाठपुरावा झालाय. जितकी किरणं अंगावर जास्त, तितका धोका किंचित जास्त, असं त्यात दिसतं. किंचित हा शब्द मी वाचताना तीनदा तपासला.

पण नीट चालणाऱ्या प्रकल्पाच्या शेजारी राहणाऱ्यांचं काय? तुझं काय? तिथे शेजाऱ्यांच्या वाट्याला येणारी किरणं, जमिनीतून आणि आकाशातून सगळ्यांनाच मिळतात त्यांच्यापेक्षा फार कमी भरतात. आपल्या जांभ्याच्या भिंतीसुद्धा थोडी देतात म्हणे! बहुतेक अभ्यासांना शेजारी वाढ दिसलेली नाही. काहींना दिसली. युरोपात एका ठिकाणी अगदी जवळ राहणाऱ्या लहान, पाच वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये रक्ताचा कॅन्सर जास्त आढळला. इतर देशांनी तसंच शोधून पाहिलं, तर बहुतेकांना ठाम काही सापडलं नाही. आणि जिथे आढळला, तिथे मोजलेली किरणं इतकी थोडी की त्यांनी तो झाला असं म्हणता येईना. मग कशाने झाला? माहीत नाही. रोग मुळात इतका विरळा, की योगायोग कुठे संपतो हेच कळत नाही.

पाच वर्षांच्या आतली मुलं. ओवी बालवाडीत आहे, ताई. एवढं वाचून मी लॅपटॉप मिटला. सगळा पुरावा म्हणत होता, घाबरण्यासारखं फारसं काही नाही. आणि त्या ‘फारसं’मध्ये माझी नात बसली होती.

शेवटी तुझ्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझी सगळी प्रवचनं ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “तुमच्या बहिणीच्या गाठीवर ती कुठून आली त्याचा पत्ता लिहिलेला नसतो. आयुष्यात प्रकल्पाचं तोंड न पाहिलेल्या कितीतरी बायका माझ्याकडे रोज येतात. हो की नाही, ते मीही सांगू शकत नाही. पण तुम्हाला पक्कंच काही हवंय का?”

“हवंय!”

“त्यांनी गाठ लागल्यावर महिनोन्महिने अंगावर काढलं. लवकर आल्या असत्या तर लढायला जागा होती. हे पक्कं. आणि आईला झाला, म्हणजे मुलीने तपासणी लवकर सुरू करायची. हेही पक्कं. मुलीची केलीत का?”

नव्हती केली. त्या फॉरवर्डमध्ये हे नव्हतं ना!

का ग असं केलंस? हॉस्पिटलात पडल्या पडल्या तूच हसत सांगितलंस, “श्वेताच्या बाळंतपणात मी कुठे माझं लचांड काढू!” लचांड! शाळेत कोणी पोरगी शिंकली तरी तिला घरी पाठवणारी तू. तुला नको होतं का कोणी पाठवायला?

दुसऱ्या दिवशी ओटीवर बसून मी भावोजींना सगळं सांगितलं. जसं वाचलं तसं, न वाढवता, न घटवता. तू असतीस तर मला पास केलं असतंस. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे माझ्यामुळे नाही?”

“तसा पुरावा नाही.”

“म्हणजे माझ्यामुळे असेलही.”

“भावोजी, एका माणसापुरतं हे कुणालाच सांगता येत नाही.”

“असं कसं? मी आत होतो, मला काही नाही. ती बाहेर होती.” आणि एकदम म्हणाले, “गावी जाऊ. देवाला कौल लावू. ओवीचं त्यालाच विचारू.”

मी आणि कौल! माझ्या सदराचे वाचक हसून हसून गडबडा लोळले असते. पण श्वेता म्हणाली, “मामा, चल. निदान देव तरी हो किंवा नाही म्हणेल.”

गेलो. गणू गुरवाने ओल्या कळ्या देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. “इचारा,” तो म्हणाला. “पन येकच इचारा.”

भावोजी हात जोडून उभे राहिले. आणि ओवीचं नाव बाजूलाच राहिलं. “ती गेली ती माझ्यामुळे का?” ते म्हणाले. “मी तिला तिथे नेलं म्हणून का? तसं असेल तर उजवा कौल दे.”

“बाबा!”

गणू पार गोंधळला. “अवो, उजवा म्हंजे बरा. वायटाला कोन उजवा मागतो काय?”

“मला तोच हवाय.”

ताई, तेव्हा मला कळलं. या माणसाला दोषी ठरायचं होतं. ‘माहीत नाही’ घेऊन जगण्यापेक्षा त्याला शिक्षा परवडत होती. आणि मी त्याला ओटीवर बसवून ‘माहीत नाही’चे चमचे भरवत होतो!

“काका, काढा त्या कळ्या,” श्वेता म्हणाली. “आम्हाला काही विचारायचं नाही.”

“लावलेला कळा मधीच काढत नाय, बाय. पडस्तवर बसा गप.”

म्हणून आम्ही बसलो, प्रश्न मागे घेऊन उत्तराची वाट बघत. ओवीने मोठ्याने विचारलं, “आजोबा, फूल कधी पडणार?” गाभाऱ्यात तेलाचा वास, बाहेर पागोळ्या. मी मनात या प्रसंगावर चांगला खमंग लेख रचायला घेतला, आणि पहिल्याच वाक्याला अडखळलो. तोंडातून शब्द न काढता मी विचारून बसलो होतो. श्वेता आणि ओवी, दोघी धडधाकट राहतील ना? राहणार असतील तर उजवा.

डावी पडली.

“काय इचारलाच नाय, तर मनाव घेऊ नका,” गणू म्हणाला.

बाहेर येऊन भावोजी पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. “नाही म्हणाला, दिनू. माझ्यामुळे नाही म्हणाला.” श्वेताने त्यांना पाणी दिलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “मामा, मीपण विचारलं होतं. आई माझ्यामुळे गेली का, माझ्या बाळंतपणासाठी थांबली म्हणून. म्हणजे मलापण नाहीच ना?”

“नाहीच,” मी म्हटलं.

“तू काय विचारलंस?”

“मी? माझा कुठे विश्वास आहे!”

बघ कशी मजा झाली! तिघांत मी एकटा न मानणारा, आणि वाईट कौल मलाच. एका कळीने त्या दोघांचं ओझं उतरवलं आणि माझ्या मानेवर ठेवलं. गाडीत भावोजी ओवीला म्हणाले, “जा ग, आईबरोबर जा. तिथे घसरगुंडी आहे, तुझी आई तिच्यावरून पडायची.” झाला निर्णय. माझं सगळं वाचन एकीकडे आणि गणूची कळी एकीकडे!

मला माहीत आहे, वाऱ्याने पडली. कळी ओली होती, पाण्याचं वजन डावीकडे जास्त झालं असेल. तू असतीस तर मोजलं असतंस. पण ती पडली तेव्हापासून श्वेताने नुसता पदर सावरला तरी मी विचारतो, काही दुखतंय का? ओवी दमून झोपली की मी तिच्या कपाळाला हात लावून बघतो. मला पुराव्याची भीती वाटत नाही, ताई. पुरावा संपतो तिथून पुढे वाटते.

उद्या श्वेताची तपासणी आहे. मीच वेळ घेतली. ती म्हणाली, “तिकडे गेल्यावर करीन, आत्ता सामान बांधायचंय.” मी तिच्यावर असा ओरडलो की ती दचकली. अगदी तुझ्यासारखी बोलत होती.

तुला शब्द देतो. उद्या बाहेरच्या बाकावर मी बसेन, आणि आत काहीही निघो, उठून पळणार नाही. दर वर्षी तिला धरून नेईन, ती जिथे असेल तिथून. ओवी मोठी होऊन विचारेल, आजी कशाने गेली, तेव्हा जेवढं माहीत आहे तेवढंच सांगेन, आणि उरलेल्या जागेत माझी भीती भरणार नाही.

परवाच्या रडारडीत देवाचा नारळ गाडीच्या डिकीतच राहिला होता. आज सकाळी एकटाच जाऊन आलो. गणू म्हणाला, “आज काय इचारायचा?”

“काही नाही,” मी म्हटलं. “त्या दोघांचा नारळ द्यायचा राहिला होता.”

तुझा,
दिनू