गव्हातला रायचा तुकडा

३ मार्च, मंगळवार
आजपासून पुन्हा कामावर. रजा शिल्लक आहे, पण घर खायला उठतं. तिसरं बाळही पोटातच गेलं.
प्रयोगशाळेत मॅडमनी काही विचारलं नाही. अंकुरलेल्या दाण्यांच्या ताटल्या पुढे सरकवल्या — गहू, सातू आणि राय, म्हणजे गव्हासारखंच ते विलायती धान्य. मुळांची टोकं कापायची, काचपट्टीवर चेपायची, रंगवायची, मग सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांवरचे पट्टे ताडून बघत बसायचं. सातूचे मधोमध, बारीक. रायचे टोकांना, जाडजूड — टोप्या घातल्यासारखे. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून! पगार त्याचाच मिळतो. जरा बरं वाटलं.

६ मार्च, शुक्रवार
सासूबाई: "दिवसभर त्या यंत्रावर वाकून बसतेस. असं टिकतं का गं?"
म्हणजे दोष माझाच. भांडी आपटली. नवरा गप्प — कधी बोललाय!
सकाळी डॉक्टरीणबाईंनी गुणसूत्रं तपासायला आम्हा दोघांचंही रक्त घेतलं.

१७ मार्च, मंगळवार
आमच्या गुणसूत्रांचे फोटो आले. डॉक्टरीणबाई बोलायच्या आतच मला दिसलं. माझी सगळी जोडीजोडीने नीट. नवऱ्याच्या एकाचं टोक तुटून भलत्याच गुणसूत्राला चिकटलेलं, तिथलं इकडे. त्याचं स्वतःचं काही अडत नाही, नुसती अदलाबदल. पण बाळाच्या वाट्याला ती अर्धवट आली की बाळ टिकत नाही.
"माझ्यामुळे?" एवढंच म्हणाला.
मी त्याचा हात धरला. आणि मनात काय आलं — सुटले! इतकी लाज वाटली स्वतःची.

१८ मार्च, बुधवार
गव्हाच्या नव्या वाणात, एका गुणसूत्राला चिकटलेला रायचा तुकडा सापडला. मीच शोधला. आता पिकाला तांबेरा रोग लागणार नाही म्हणे. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. मी संडासात जाऊन रडले.

२१ मार्च, शनिवार
जेवताना त्यानेच आईला सगळं सांगितलं. "हे आईवडिलांकडूनही येतं," मी बोलून गेले. कशाला बोलले! सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या. दोन दिवस गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?

२३ मार्च, सोमवार
सासूबाई प्रयोगशाळेत आल्या. पहिल्यांदाच, एकट्या. गव्हाच्या अंकुरांशेजारी स्टुलावर बसल्या, बाही वर सारली, हात माझ्यापुढे धरला.
"माझंही रक्त घे. तुझ्या नवऱ्याच्या आधी माझी दोन गेली — पोटातच. आजवर कुणाला बोलले नाही."
इथे फक्त गहू-सातूच तपासतात, माणसाचं रक्त नाही. ते न सांगता मी त्यांचा हात धरला.