सरांच्या तळहातावरचा नीडल होल्डर

मंगळवार, संध्याकाळ

आज एका मुलाच्या ऑपरेशनमध्ये सरांच्या तळहातावर सुई लावलेला नीडल होल्डर ठेवला, आणि तो थरथरल्यासारखा वाटला. क्षणभरच. सर कधी तोंडाने मागत नाहीत. नजर पेशंटच्या छातीवर, हात नुसता पसरलेला. काय ठेवायचं ते मला कळतं. पण देताना क्षणभर ते अवजार आम्हा दोघांच्याही हातात असतं. मग थरथर कोणाची?

टाके नीट पडले, मुलगा सुखरूप आहे. बाकी कोणाला काही दिसलं नाही. पण उद्या खडकीची ती तान्ही मुलगी आहे, हृदयाच्या पडद्याला भोक असलेली. लिंबाएवढं हृदय. आणि मी सांगू तरी काय? कदाचित मीच दमले असेन.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "अहो, जरा हात पसरा." त्यांच्या तळहातावर स्टीलचा डाव ठेवला, सरांना देते तसाच, आणि सोडला नाही. पुन्हा ठेवला. पुन्हा.

"आमटी वाढणार आहेस की माझं ऑपरेशन करणार आहेस?" ह्यांनी विचारलं.

मला हसू आलं नाही. ती थरथर माझ्याच हाताची निघू दे, असं इतकं वाटत होतं! डाव जराही हलला नाही.

शेवटी सरांना फोन लावला. "सर, आज तो नीडल होल्डर..." एवढंच बोलले.

मग सर म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही जाणवलं, सिस्टर."