आत उघडी, बाहेर बंद

॥ श्री ॥
डिंडोली, सुरत
४ फेब्रुवारी २०२५

ती. सरलाअक्कास,
सुंदराचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू डब्यातून काढत नाहीस, म्हणून हे पत्र अमळनेरला येणाऱ्या पांडुरंगच्या ट्रॅव्हल्स बसनं पाठवतेय.

काल सूनबाईला, ज्योतीला, आठव्या महिन्याच्या तपासणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाचं हृदय पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, डक्टस आर्टेरिओसस अरुंद होतेय. नाव ऐकून मला वाटलं, कुणी परदेशी पाहुणाच. ती हृदयाजवळची एक नळी आहे. ती बंद झाली तर बाळाच्या हृदयावर ताण येईल, कदाचित बाळ आताच काढावं लागेल. बाई गुजरातीत ‘बंध’ म्हणाल्या. माझ्या योगेंद्रचे वडील हृदय थांबून गेले, तेव्हाही दवाखान्यात मला हाच शब्द सांगितला होता.

मग त्यांनी विचारलं, दुखण्याची काही गोळी घेतली का. ज्योतीनं माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाली. अक्का, तिची कंबर दुखते म्हणून माझी गुडघ्याची गोळी मीच तिला आठ दिवस देतेय, दोन वेळा. योगेंद्र शेजारीच उभा होता. मीही गप्प राहिले. त्यामुळे बाई त्यावर पुढे काही बोलल्या नाहीत.

कालपासून गोळी दिलेली नाही. पण तिचं कण्हणं ऐकवत नाही. सांगू का गप्प बसू? लगेच लिही.

तुझ्या मायेच्या आधारावर असलेली,
सुंदरा


अमळनेर
६ फेब्रुवारी २०२५

चि. सुंदरास,
अनेक आशीर्वाद.

पुस्तकं वाचून वाचून तू भलतीच घाबरट झालीस. आपल्या शेजारच्या सुपडूच्या नातीला हीच नळी होती. तिची उघडी राहिली म्हणून सगळे रडत होते. जळगावच्या डॉक्टरांनी दुखण्यावरचंच औषध देऊन ती बंद केली. पोरगी आता अंगणात कोंबड्यांमागे धावते. आपल्या बाळाची आपोआप बंद होतेय तर बरंच आहे की! डॉक्टरीण काहीतरी उलटं बोलली असेल, नाहीतर तूच उलटं ऐकलंस.

पोरासमोर स्वतःचं नाव कशाला खराब करतेस? ज्योती नाही म्हणाली, तिथेच विषय संपला. कंबर दुखत असेल तर गोळी दे.

उत्तर पाठव, जीव टांगणीला लागलाय.
तुझी अक्का


डिंडोली
८ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल सकाळी तुझं पत्र वाचलं आणि ज्योतीला एक गोळी दिली. हे आधी लिहिते, नाहीतर लिहायचं राहील.

तरी मन खात होतं. दुपारी इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातून शरीराचं जुनं पुस्तक आणलं. पोटात बाळ श्वास घेत नाही. फुप्फुसांना काम नसतं, म्हणून बरंचसं रक्त या नळीच्या आडवाटेनं अंगात जातं. जन्मल्यावर श्वास सुरू होतो, मग ती वाट मिटते. म्हणजे आत असताना उघडी हवी, बाहेर आल्यावर बंद. सुपडूची नात जन्मलेली होती, अक्का. आपलं बाळ अजून पोटात आहे.

गोळ्यांची पट्टी हातात घेऊन तशीच रिक्षात बसले, ज्योतीलाही घेतलं. योगेंद्र पलसाण्याच्या मिलमधून थेट दवाखान्यात आला. त्याच्यासमोरच सगळं सांगितलं. सकाळचीही सांगितली. बाई रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. म्हणाल्या, आता एकही गोळी नाही, परवा परत दाखवा, नळी उघडली तर ठीक, नाहीतर बाळ काढू. ज्योती रडत म्हणाली, मुलासमोर आईंची मान खाली नको म्हणून मी गप्प राहिले.

योगेंद्रनं पट्टी खिशात घातली. तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही.

उद्या काय होतंय कळत नाही. देवाजवळ आमचं नाव घे.
सुंदरा


अमळनेर
१० फेब्रुवारी २०२५

चि. सुंदरास,
आशीर्वाद.

सुपडूच्या बायकोला पाटीवर लिहून मागितलं. नात तेव्हा वीस दिवसांची होती. मी अर्धंच ऐकलं होतं आणि उरलेलं मनानं जुळवलं. ती एक गोळी तुझी नाही, माझी आहे. योगेंद्रला तसं सांग. कानाचं यंत्र आज लावलंय. खूप खरखरतं, पण काढणार नाही.

शिव्या दे, पण पत्र दे.
अक्का


डिंडोली
५ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तपासणीचं तुला तुकड्या-तुकड्यानं कळवत होतेच. त्या आठवड्यात नळी हळूहळू परत रुंद झाली आणि बाळ पूर्ण दिवस पोटात राहिलं. पहिल्या तारखेला मुलगी झाली. अशी ओरडली की तुला यंत्राशिवायही ऐकू आलं असतं.

काल बाईंनी तिचं हृदय पाहिलं आणि म्हणाल्या, नळी बंध थई गई, म्हणजे बंद झाली. मी वाचलंय, मला समजलंय, तुलाही समजावून लिहिलंय. तरी तो शब्द कानावर पडला आणि मी तिथेच फरशीवर बसले. ज्योतीनं खाटेवरूनच हसत आठवण करून दिली की बाळ आता बाहेर आहे.

योगेंद्र दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. तुझ्या गोळीचं मी त्याला सांगितलं नाही. दिली मीच होती. आज घरी आल्यावर बाळाला रोज द्यायच्या थेंबांची बाटली त्यानं माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, आई, हे तू देत जा.

मी लेबल तीन वेळा वाचलं. मग त्याला मोठ्यानं वाचायला लावलं. किती थेंब ते दोघांनी मोजले. मगच तिच्या ओठांना लावले.

यंत्र घालून बारशाला ये, आणि जीव असाच लावत राहा.
तुझी सुंदरा